नाव कोणाचे?

आमेरच्या शीशमहालात मिर्झाराजे जयसिंगाचे नाव हमखास सांगितले जाते. पुरंदरच्या तहामुळे (१६६५) आपणांस ते परिचितही आहे. तेथे एकेक काच बसविणाऱ्या कारागिराचे नाव कोणी विचारीत नाही. याउलट, गाजलेल्या गीताचे नवे ‘रिमिक्स’ निघाले की त्याचा छुपा कर्ता कोण, यावर रसिक हिरिरीने वाद घालतात. ही चौकशी उथळ म्हणून झिडकारू नये.

मंडळीनेही असा वाद शतकानुशतके केला आहे. इब्री लोकांस पत्राला लेखकाचे नाव नाही. तर्तुल्लियनाने बर्णबा सुचविला, लूथरने अपुल्लोस; ओरिगेनने तर ते देवालाच ठाऊक म्हणून सोडून दिले. अनुवाद करताना त्या लेखकाची शैली क्षणोक्षणी जाणवते, नाव कळत नाही, आणि पत्राचे सामर्थ्य तसूभरही उणे होत नाही.

मग नावाचे महत्त्वच नाही काय? २००२ साली ‘ॲडिक्टिव्ह’ या अमेरिकन गीतात लताबाईंचा स्वर ऐकू आला. ‘ज्योती’ (१९८१) चित्रपटातील बप्पी लाहिरींची ती रचना निर्माता डीजे क्विक याने श्रेय न देता वापरली होती. लाहिरींचे नाव दिल्याशिवाय विक्री करू नये, असा आदेश २००३ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने दिला. तो मला योग्य वाटतो. उजव्या हाताचे डाव्यास कळू देऊ नये, हा प्रभूचा उपदेश स्वतःच्या दानाविषयी आहे. दुसऱ्याचे दान झाकण्याची ती मुभा नव्हे. आपले नाव मागे ठेवावे की नाही, हे लाहिरींना कोणी विचारलेच नव्हते.