आधी उंट बांधा
मिरज स्टेशनबाहेर सायकल लावताना मी पोलादी यू-लॉक मागच्या चाकातून आणि फ्रेममधून घालून खांबाला अडकवतो. नुसतं पुढचं चाक बांधलं, तर चोर तेवढं चाक ठेवून बाकीची सायकल नेतो! यात अल्लाहवरचा भरवसा कमी पडतो का? तिरमिझींच्या संग्रहातली हदीस आधी उंट बांधायला सांगते, भरवसा त्यानंतर. कुलपाचा प्रश्न मिटला.

विम्याचं अवघड आहे. चोरी झाली तर पैसे, नाहीतर हप्ता गेला; व्यवहारातली ही अनिश्चितता बऱ्याच उलेमांना मान्य नाही. मला त्यांचं सगळंच पटत नाही, पण वर्गणीतून एकमेकांचं नुकसान भरून देणारा तकाफुल त्यांच्यातल्या अनेकांना चालतो. आमच्या गल्लीत तशी पेटी निघाली, तर पहिली वर्गणी माझी. तोवर पेडलच्या दांड्याखाली कोरलेला फ्रेम नंबर वहीत उतरवून ठेवलाय.