कबड्डीला सामान्य खेळाडू हवा

प्रो कबड्डी लीगचा हंगाम आला की दर वर्षी तीच चर्चा रंगते. कबड्डीला चांगले दिवस आले, मातीतला खेळ जगात पोचला. पुरावा म्हणून २०१४च्या पहिल्या हंगामाचा आकडा पुढे केला जातो : दूरचित्रवाणीवर ४३ कोटींहून अधिक प्रेक्षक, त्या वर्षी आयपीएलच्या खालोखाल. आकड्याबद्दल तक्रार नाही, त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र उथळ आहे. कबड्डीची थोरवी मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये दाखवलेली प्रात्यक्षिकं, १९९० साली आशियाई स्पर्धांत मिळालेलं स्थान, बुवा साळवींनी या खेळापायी वेचलेलं आयुष्य, हे सारं सर्वश्रुत आहे. प्रश्न वेगळा आहे. शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांत कबड्डी खरोखर वाढते आहे का? माझ्या मते तिचे प्रेक्षक वाढले आहेत. खेळ वाढला, असं म्हणायला आधार नाही.

या दोन तालुक्यांत खेळ वाढणं म्हणजे काय, ते टेनिस क्रिकेटकडे पाहिलं की कळतं. भातकापणी उरकली, खळ्यावरची झोडणी संपली की रिकाम्या खाचरांतली धसकटं काढून, बांध फोडून मैदान तयार होतं. चार-पाच षटकांचे सामने, गावोगावचे चषक, मांडवात कर्णा आणि समालोचन. खेळणाऱ्यांत आसनगावहून सकाळची लोकल धरून नोकरीला जाणारा असतो, मुरबाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेला असतो, पोट सुटलेला चाळिशीचा यष्टिरक्षकही असतो. यांतल्या बहुतेकांना जिल्हा संघात जायचं नाही आणि जाताही येणार नाही. तरी ते खेळतात, आणि त्यांच्या खेळण्यावरच हा खेळ उभा आहे. कुठलाही खेळ जगतो तो अशा माणसांवर, ज्यांना त्यातून काहीही व्हायचं नसतं. ‘मोबाइलमुळे पोरं मैदानावर येईनाशी झाली’ हे कारण इथेच बाद होतं. तीच पोरं रविवारी त्या खाचरात असतात. ‘क्रिकेटने कबड्डी खाल्ली’ हेही पटत नाही. १९८३च्या विश्वचषकानंतरही जत्रेतल्या रात्री हुतुतूच्याच होत्या.

एक युक्तिवाद मात्र गंभीरपणे तपासायला हवा, कारण शहाणी माणसंही तो करतात : लीगने खेळाडूला पैसा आणि प्रतिष्ठा दिली, ती पाहून गावातली मुलं आपोआप मैदानावर येतील. पहिला भाग खरा आहे. चंदगडकडच्या सिद्धार्थ देसाईवर २०१९च्या लिलावात १ कोटी ४५ लाखांची बोली लागली, याचा आनंदच आहे. पण या ‘आपोआप’मध्ये सगळी गफलत आहे. लीगचे संघ डझनभर. तिथली निवड उंची, वजन आणि वेग बघून होते. म्हणजे होतकरू मुलाला वाट मिळाली, पण जो होतकरू नाही त्याला खेळाने काय दिलं? उलट खेळ त्याच्यापासून दूर गेला. मातीचं मैदान गावच तयार करत असे : माती चाळायची, पाणी मारायचं, धुमसाने चोपायची, फक्कीने रेषा आखायच्या. मॅटला पैसा लागतो आणि डोक्यावर छप्पर लागतं. ज्या तालुक्यातल्या तानसा-भातसाच्या पाण्यावर मुंबई जगते, तिथल्या पावसात १३ बाय १० मीटरची मॅट उघड्यावर टाकणार कोण? मॅटवर दुखापत कमी होते, आंतरराष्ट्रीय खेळ तिच्यावरच होतो, हे मान्य. तेवढ्यासाठी तालुक्याला एक मॅट जरूर असावी. पण प्रत्येक स्पर्धा मॅटवरच झाली पाहिजे, असा हट्ट धरला की पाड्यावरचा संघ घरी बसतो. आणि लोकप्रियतेवर सारं ठरत असतं, तर २०१६ साली तीन संघांवर सुरू केलेली महिलांची लीग पुढे चालली असती. महाराष्ट्रात खेळणाऱ्या मुलींचा तोटा कधीच नव्हता.

अमेरिकेतला फुटबॉल हीच गोष्ट उलट बाजूने दाखवतो. तिथे १९९४चा विश्वचषक ३५ लाखांहून अधिक लोकांनी मैदानात बसून पाहिला, १९९६ला व्यावसायिक लीग सुरू झाली, २०२३ला मेस्सी आला, आणि ‘आता फुटबॉल रुजणार’ हे भाकीत प्रत्येक वेळी नव्याने झालं. तिथे लहान मुलं पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळत आली, पण मोठेपणी त्यांतली कितीतरी दुसऱ्या खेळांकडे वळली. तरीही तो खेळ हटला नाही, हळूहळू वाढत राहिला, कारण शाळेशाळेत खेळणारे होते. खेळणारे असले की प्रेक्षक उशिरा का होईना मिळतात. नुसते प्रेक्षक असले, तर वाहिनी बदलायला एक बटण पुरतं.

म्हणून प्रेक्षक मोजून समाधान मानणं थांबवलं पाहिजे. शहापूर-मुरबाडमधल्या जत्रा समित्यांनी आणि ग्रामपंचायतींनी यंदा खुल्या गटाच्या मोठ्या बक्षिसातला थोडा भाग काढून मातीवर दोन गट खेळवावेत : एक पस्तिशीपुढच्यांचा आणि एक कमी वजनाच्यांचा, मुलामुलींचा स्वतंत्र. चाळिशीचा माणूस चढाईला जाईल आणि त्याचा पोरगा रेषेवर उभा राहून ओरडेल, तेव्हाच कबड्डी वाढली असं म्हणावं.