एकच वीज, दोन गुंडाळ्या

कोपरगावात गोदावरीच्या घाटावर दशक्रियेला गेलं, की प्रवचनात एक दृष्टांत हमखास ऐकायला मिळतो. वीज एकच. दिव्यात गेली की उजेड, शेगडीत गेली की धग, पंख्यात गेली की वारा. तसा आत्मा एकच, देह तेवढे निराळे. पंखा बंद पडला म्हणून वीज मेली का? मग शोक कशाचा करता? कावळा शिवायची वाट बघत बसलेली माणसं माना डोलावतात. या बोलण्यानं कितीतरी जणांचं मन निवताना मी पाहिलंय, त्यामुळे त्याला नावं ठेवण्याचा प्रश्नच नाही. पण गळ्यात माळ असली तरी माझा धंदा वाइंडिंगचा. दृष्टांत माझ्याच दुकानातला आहे, आणि मला तो अर्ध्यावर थांबल्यासारखा वाटतो.

आमच्याकडं मुख्य काम विहिरीवरच्या मोटारींचं. उसाला पाणी चालू असताना एखादा फेज जातो, मोटार तशीच गुरगुरत राहते आणि जळते. पंखे येतात ते चैत्र-वैशाखात. या उन्हाळ्यात पोहेगावकडचा एक मुलगा इंग्रजांच्या वेळचा टेबल फॅन घेऊन आला. बीडाची बैठक, पितळी पाती, पुढं तारेची विरळ जाळी. “काका, घरात नवीन दोन पंखे हायेत, पण आजी म्हणती हाच पाहिजे. लावला की नुसता घूं घूं करतो. हातानं ढकलला की फिरतो.”

मी पाती धरून हलवून पाहिली. बुश ठीक होतं, पाती हलकी फिरत होती. मग प्लग लावून लाकडी काडीनं पातं उजवीकडं लोटलं. पंखा उजवीकडं फिरायला लागला आणि वेगही घेतला. बंद केला, थांबू दिला, परत चालू करून डावीकडं लोटला, तर तितक्याच खुशीनं डावीकडं. या रोगाला आमच्याकडं ‘स्टार्टिंग गेलं’ म्हणतात.

उघडल्यावर कारण दिसलं. मान जिथं डावी-उजवीकडं वळते, तिथून जाणाऱ्या वायरींवर सुती वेण आणि आत रबर होतं. जुनं रबर उष्णतेनं कडक होतं. बोट लावलं की त्याचे तुकडे पडत होते. खाली उघडी तार काळी पडलेली. त्यातली एक बीडाच्या अंगाला टेकायला बोटभरही अंतर उरलं नव्हतं, आणि प्लग दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंगचा पत्ताच नाही. आजींनी कधी ओल्या हातानं ती मान वळवली असती, तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. घाटावरच्या दृष्टांतात ही वीज कधी येत नाही. ती पंख्यात येते तशी अंगातूनही जाते. तिला वाट दाखवणारं आणि वाटेवर ठेवणारं ते दीडदमडीचं वेष्टणच असतं. देह नाशवंत म्हणून त्याची हेळसांड करणाऱ्यांना मी ही तार दाखवतो.

आता मूळ गोष्टीकडं येतो. वीज पंख्यात शिरते आणि पंखा फिरतो, असं सगळे समजतात. पण जो भाग फिरतो, त्या रोटरला विजेची एकही तार जोडलेली नसते. तार येते ती भोवतालच्या न हलणाऱ्या स्टेटरच्या गुंडाळ्यांपर्यंत. तिथं चुंबकत्व तयार होतं, मधल्या हवेच्या फटीतून ते रोटरपर्यंत पोहोचतं, रोटरमध्ये त्याचा स्वतःचा प्रवाह उठतो, आणि तो फिरतो. स्पर्श कुठंच नाही. पहिल्यांदा हे समजलं, तेव्हा मला सांख्यांचा दृष्टांत आठवला. पुरुष काहीच करत नाही. लोहचुंबक जवळ असल्यानं लोखंड हलतं, तशी पुरुषाच्या नुसत्या सान्निध्यानं प्रकृती हलते. ब्रह्मसूत्रात दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, सातव्या सूत्रात याचाच समाचार घेतलाय. शंकराचार्य विचारतात, की सान्निध्य जर कायमचं आहे, तर हालचालही कायमची व्हायला हवी, मग मोक्ष कुठून? आणि पुढं ते म्हणतात, की लोहचुंबकालासुद्धा साफसूफ करून ठेवण्याची वगैरे गरज असते. एवढ्या मोठ्या वादात आचार्यांना चुंबक पुसायची आठवण राहिली, हे वाचून कारागीर म्हणून मला फार बरं वाटलं.

आचार्यांचा आक्षेप त्या पंख्यानं माझ्यासमोर मांडून दाखवला. वीज पूर्ण होती. चुंबकत्व पूर्ण होतं. सान्निध्य तर केसभर फटीइतकं. तरी पंखा नुसता गुणगुणत उभा. कारण गुंडाळी एकच चालू होती. एका गुंडाळीचं चुंबकत्व जागच्या जागी वाढतं आणि कमी होतं, उलटतं, पुन्हा वाढतं. आपल्या विजेत सेकंदाला पन्नास वेळा. त्यात पुढं ओढणारा जोर जेवढा, मागं ओढणाराही तेवढाच. रोटर जाणार कुठं?

यावर उपाय म्हणून पंख्यात दुसरी गुंडाळी असते. तिला वीज त्याच तारेतून, त्याच प्लगातून मिळते. वेगळी वीज नाही. पण तिची तार बारीक, आणि तिची जागा पहिलीच्या बाजूला सरकवलेली. तार बारीक असल्यामुळे दोघींमधले प्रवाह एकाच क्षणी शिगेला पोहोचत नाहीत. एक पुढं, एक जरा मागं. हल्लीच्या सीलिंग फॅनमध्ये हेच काम कंडेन्सर करतो. सरकवलेली जागा आणि हे मागं-पुढं असणं, या दोन्हींतून चुंबकत्व फिरायला लागतं आणि रोटर त्याच्या मागं निघतो. इटलीत तुरीनचे गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत गेलेले निकोला टेस्ला, दोघांनी हे आपापलं शोधलं आणि १८८८ साली दोघांचंही काम लोकांसमोर आलं.

त्या पंख्यात दुसऱ्या गुंडाळीचा टाका मानेजवळ तुटला होता, एवढंच. गुंडाळी शाबूत होती. सिरीज बल्बवर तपासली, टोकं जपून खरवडली, राळ लावून कथिलाचा डाग दिला, वर स्लीव्ह चढवली. मानेतल्या सगळ्या वायरी बदलल्या आणि मान वळताना ताण येऊ नये म्हणून तिथं मुद्दाम सैल वळसा ठेवला. मेगर लावून वीज कुठं अंगाला झिरपत नाही ना, ते पाहिलं. तीन पिनांची वायर घातली, हिरवी तार बैठकीच्या बीडाला आवळली.

काडीनं ढकलून चालतच होता की, मग एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. बाहेरचा धक्का म्हणजे गुरुकृपा, असंही एका माळकरी मित्रानं सुचवलं. मला ते पटत नाही. धक्का डावीकडून आला तरी पंखा फिरतो आणि उजवीकडून आला तरी फिरतो. वारा पुढं येतो की मागं जातो, हे धक्का देणाऱ्याच्या मर्जीवर. अशा धक्क्यांवर वाट्टेल त्या दिशेला लागलेली माणसं आपण आजूबाजूला पाहतोच. गुरू खरा असेल, तर तो आतला तुटलेला टाका जोडून देतो आणि बाजूला होतो.

एकाच विजेनं स्वतःला दोन गुंडाळ्यांत वाटून घ्यायचं आणि त्या दोघींमध्ये थोडं अंतर ठेवायचं, तेव्हा कुठं गती. अमृतानुभवाच्या पहिल्या प्रकरणात ज्ञानदेव शिव आणि शक्तीला वंदन करतात, ते मी याच अंगानं वाचतो. दोघं वेगळी नाहीत. एकच आहे, आणि प्रेमाच्या सुखासाठी ते एक दोन झालंय. याच आपल्या जिल्ह्यात, नेवाशाला, प्रवरेकाठी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. अमृतानुभवही तिथलाच मानतात. घाटावरचा दृष्टांत आत्मा एक आहे एवढं सांगून थांबतो. ज्ञानदेव थांबत नाहीत. एकपण खरंच आहे, पण त्या एकानं दोन व्हायचं पत्करलं नसतं, तर जग नुसतं घूं घूं करत राहिलं असतं.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर मात्र त्या मित्राचं आणि माझं अजून जमलेलं नाही. चार पोलच्या पंख्यात चुंबकत्व मिनिटाला १,५०० फेरे घेतं. रोटर कायम त्याच्या मागं राहतो. तो कधीच १,५०० गाठत नाही; गाठूच शकत नाही. कारण ज्या क्षणी दोघांचा वेग एक होईल, त्या क्षणी रोटरमधला प्रवाह संपेल आणि त्याला ओढणारा जोरही. आम्ही याला स्लिप म्हणतो आणि मोटारीवर भार वाढला की ती वाढलेली मोजतो. मित्राचं म्हणणं, शेवटी भक्तानं देवात विरून जायचं, अंतर उरलं म्हणजे साधना अपुरी. मी त्याला तुकोबांची आठवण देतो. मुक्ती नको, पुन्हा गर्भवास दे पण संतसंग दे, असं मागणारे तुकोबा काही अपुऱ्या साधनेचे नव्हते. त्यांना ते अंतर हवं होतं. ते मिटलं तर नाम कुणी घ्यायचं आणि कुणाचं? मित्र म्हणतो, हे तुझं मोटारीचं गणित देवाला लागू नाही. मी म्हणतो, घाटावर तुम्हीच लावलंय, मग पूर्ण लावा.