मोडके विमान आणि मृताचे नाव

वस्तू ओळखणे आणि माणूस ओळखणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे वकिलीच्या व्यवसायात आम्हांस पदोपदी शिकावे लागते. वस्तूची जात तिच्या घडणीवरून ठरते. माणसाचे नाव स्वतंत्र पुराव्यावाचून ठरत नाही. पहिल्या महायुद्धात कोसळलेल्या एखाद्या द्विपंखी लढाऊ विमानाचे जुने छायाचित्र पुढे आले, की हा भेद कसास लागतो.

समजा, चित्रात वरचा पंख खालच्या पंखाच्या मागे सरलेला दिसतो. अशी ठेवण विरळा. विमान ब्रिटिश असेल, तर शोध मुख्यतः डी. एच. 5 आणि सॉपविथ डॉल्फिन या दोहोंवर येतो. पहिल्याचे एंजिन गोलाकार व स्वतःभोवती फिरणारे, आणि पंखांमधील खांबांची जोडी प्रत्येक बाजूस एकच. डॉल्फिनचे एंजिन आठ नळकांड्यांचे, दोन तिरप्या रांगांत मांडलेले, आणि खांबांच्या जोड्या दोन. एवढ्यावरून जात ठरते. परंतु विमानाचा क्रमांक कापडावर रंगविलेला असे. ते कापड आगीत जळे, नाहीतर सैनिक आठवण म्हणून कापून नेत. मग वैमानिक कोण, हे चित्र सांगत नाही.

मोह होतो तो येथेच. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर जून 1918 मध्ये फ्रान्समध्ये डॉल्फिन विमानातूनच लढताना पडले व जखमांनी निवर्तले. तेव्हा ‘हे विमान आपल्या वेलिंगकरांचेच’ असे म्हणावेसे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या माणसाचा गौरव झाला तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. पण त्या विमानात दुसऱ्याच कोणाचा मुलगा गेला असेल, तर त्याचे मरण आपण त्याच्यापासून हिरावून घेतो.

चुकीच्या नावाचा अन्याय खुद्द वेलिंगकरांच्याही वाट्यास आला होता. जर्मनांनी त्यांना पुरले, तेव्हा थडग्यावर ‘वुमकर’ असे नाव लागले. युद्धानंतर कागदपत्रे ताडून पाहिली गेली, तेव्हा कोठे खरे नाव परत मिळाले. हँगार्डच्या युद्धस्मशानात आता त्यांची नोंद त्याच नावाने आहे.

आम्ही रामाकोन्याचे. 1956 साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हा हा मराठी मुलूख मध्यप्रदेशात राहिला. जमिनीच्या कागदात नावाचे एक अक्षर चुकले तर वारसास किती खेटे घालावे लागतात, हे येथील शेतकरी जाणतो. तो निदान तक्रार करू शकतो. मृतास तीही सोय नाही.

म्हणून अशा चित्राखाली ‘सॉपविथ डॉल्फिन, वैमानिक अज्ञात’ एवढेच लिहावे. ते कोरडे वाटेल. तथापि ज्याचे नाव आपणांस ठाऊक नाही, त्याची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवणे हे आपले कर्तव्यच आहे, असे आम्हांस वाटते.