नाव न घेता

१७९१ साली पुण्यात घाशीराम कोतवालाची धिंड निघाली आणि अखेर जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं. जुन्या काळी शिक्षा कशी मापात असायची, असं सांगणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर आठवावं. लाज काढायचं काम गर्दीवर सोपवलं की माप गर्दीच ठरवते.

गावोगावची नेहमीची रीत मात्र वाळीत टाकण्याची. पाणी, विस्तव, सोयरीक, मयतीला खांदा, सगळं बंद. परतीची वाट होती: दंड भरा, जातीला जेवण घाला, पुन्हा पंगतीत बसा. याला कुणी दया म्हणू नये. गुन्हा पुष्कळदा एवढाच, की पोरीने जातीबाहेर लग्न केलं. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड ठेवला, तो उगाच नव्हे.

छापखान्याने यात एक नवीच भर घातली. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहाला गेलेल्यांची नावं गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. टिळक आणि रानडेही त्यात होते. चहा कोण प्यालं, कोणी नुसता कप हाती धरला, हे मागे पडलं. यादीत नाव आहे ना, बस्स. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. ज्यांनी या मंडळींना कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, तेही निवाडा करू लागले. आजच्या स्क्रीनशॉटचं मूळ मला चावडीपेक्षा या यादीत दिसतं.

वऱ्हाडाने लाज काढायची एक निराळी तऱ्हाही पाहिली आहे. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. वाढले मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला, मामाकडे. बाप दारूने गेला, मामाची जमीन सावकाराने गिळली. मुलीच्या बारशाला मटण-दारूऐवजी गोडाचं जेवण घातलं म्हणून भाऊबंदांची नाराजीही त्यांनी सोसली. म्हणजे चारचौघांत नाक मुरडलं जाणं काय असतं, हे त्यांना ठाऊक होतं. पुढे कीर्तनात ते समोरच्यांना साधे प्रश्न विचारत आणि उत्तरं त्यांच्याच तोंडून वदवून घेत. कर्ज काढून केलेली तीर्थयात्रा, नवसाचं बोकड, दारू, शिवाशीव. लोक हसत आणि हसता हसता ओशाळत. कुणा एकाला उभं करायची गरज नव्हती, कारण दोषी आणि श्रोते तेच होते. शिवाय विचारणाऱ्याने आधी त्यांचंच गाव खराट्याने झाडलेलं असे.

त्यांच्या नावाने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, ते चांगलंच झालं. पण हागणदारीमुक्तीच्या ओघात ‘गुड मॉर्निंग पथकं’ही निघाली. पहाटेची शिट्टी, हाती गुलाबाचं फूल, आणि टमरेल घेतलेल्या माणसाचा फोटो. ज्याच्याकडे संडासाला ना जागा ना पाणी, तो गावापुढे आला. बाबांच्या नावाच्या अभियानाच्या काळात बाबांची रीत उलटी झाली, आणि ते फारसं कुणाला खटकलंही नाही.

पुढे फोन सगळ्यांच्याच हाती आला. जून २०२२ मध्ये अमरावतीत एका औषध विक्रेत्याने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला संदेश ग्रुपबाहेर गेला. तपास यंत्रणांच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा खून त्यावरूनच झाला. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात अकोल्यात समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून दंगल उसळली, त्यात एक जीव गेला. ही टोकं झाली. रोजचं प्रकरण किरकोळ असतं: बसस्टँडवरचं भांडण, दारू पिऊन पडलेला मास्तर, पळून गेलेली पोरगी. व्हिडिओ घरोघरी पोचतो. पाठवणारे, बघणारे, खाली हसणारे चेहरे टाकणारे, कुणीच ओशाळत नाही. कीर्तनात जी लाज सगळ्यांत वाटली जायची, ती इथे एकट्याच्या डोक्यावर पडते. मूळ व्हिडिओ काढून टाकला तरी फॉरवर्ड झालेल्या प्रती फिरतच राहतात. दंड भरून मोकळं व्हायचं म्हटलं, तर भरायचा कुठल्या पंचांकडे, आणि जेवण तरी कोणत्या गावाला घालायचं?