अस्त्राचा उपसंहार

महाभारताच्या सौप्तिक पर्वांत एक प्रसंग आहे. युद्धकथा म्हणून तो सर्वांस ठाऊक आहे. नीतिशास्त्रांतील प्रश्न म्हणून त्याकडे क्वचितच पाहिलें जातें. अश्वत्थाम्यानें ब्रह्मशिर अस्त्र सोडलें, त्याच्या निवारणार्थ अर्जुनानेंही तेंच सोडलें, आणि जग जळूं नये म्हणून नारद व व्यास त्या दोहोंच्या मध्यें उभे राहिले. ऋषींचा शब्द मानून अर्जुनानें आपलें अस्त्र आवरलें. अश्वत्थाम्याला तें आवरतां येईना. विद्या दोघांनाही एकाच गुरूची. पण उपसंहार एकालाच साधला, आणि महाभारतकारानें त्याचें कारण मंत्रांत सांगितलेलें नाहीं, अंतःकरणाच्या शुद्धतेंत सांगितलें आहे. मग अश्वत्थाम्याचें अस्त्र जावयाचें कोठें? तें उत्तरेच्या गर्भावर गेलें.

अण्वस्त्रांच्या संदर्भांत ही कथा आठवते ती त्या अस्त्रांच्या भयंकरपणामुळें नव्हे. तें साम्य पुष्कळांनीं दाखविलें आहे व तें दाखविण्यास फारशी बुद्धि लागत नाहीं. आमचा प्रश्न वेगळा आहे. एकदां सिद्ध झालेलें अस्त्र परत कसें घ्यावयाचें, आणि परत घेणाऱ्याच्या अंतःकरणाशीं त्याचा खरोखर कांहीं संबंध आहे काय?

निःशस्त्रीकरणाचे पुरस्कर्ते सामान्यतः त्रैराशिक मांडतात: इतक्या बाँबांच्या किंमतींत इतक्या शाळा. या त्रैराशिकाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एका सेनापतीनेंच दिलें आहे. १९५३ च्या एप्रिलांत, स्टालिनच्या मृत्यूनंतर सहा आठवड्यांनीं, अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं वृत्तपत्रांच्या संपादकांपुढें भाषण करतांना एका अवजड बाँबफेक्या विमानाची किंमत मोजून दाखविली: तिसांहून अधिक शहरांत एकेक पक्की शाळा, किंवा साठ साठ हजार वस्तीच्या शहरांना पुरतील अशीं दोन वीजघरें, किंवा दोन सुसज्ज इस्पितळें. हें भाषण मनापासून केलेलें नव्हतें असें मानण्यास कारण नाहीं. परंतु त्यांच्या आठ वर्षांच्या कारकीर्दींत अमेरिकेचीं अण्वस्त्रें सुमारें एक हजारावरून अठरा हजारांच्या पलीकडे गेलीं. या विसंगतीला ढोंग म्हणून मोकळें होणें सोपें आहे. खरें कारण अधिक बोचक आहे. मोठी खडी फौज पोसण्यापेक्षां अणुबाँब स्वस्त पडतो, असा हिशेब त्या सरकारनें केला होता. ज्या काटकसरीच्या नांवानें आपण शाळा मागतों, त्याच काटकसरीनें बाँब पदरांत टाकला!

त्रैराशिक चुकीचें नसतें. पण ज्याच्यापुढें तें मांडावयाचें तो मनुष्य त्या वेळीं शाळांचा हिशेब करीतच नसतो. उशाशीं बंदूक घेऊन रात्र काढणाऱ्या गृहस्थाला, या पैशांत मुलांचीं किती पुस्तकें आलीं असतीं हें सांगून काय उपयोग? तो म्हणेल, पुस्तकें वाचावयास मुलें तर जगलीं पाहिजेत. शेजारीही तसाच जागा असतो, आणि दोघांचीही झोंप एकमेकांच्या बंदुकीनेंच उडालेली असते. २०२४ सालीं जगानें सैन्यावर सुमारें २ लक्ष ७० हजार कोटी डॉलर खर्च केले, असा स्टॉकहोम येथील शांतता-संशोधन संस्थेचा हिशेब आहे. हा आंकडा ऐकून ज्याला धक्का बसतो त्याच्या हातीं खजिन्याच्या किल्ल्या नसतात, आणि ज्याच्या हातीं त्या असतात त्याला तो पाठ असतो.

तरीही एकदां अस्त्रांचा उपसंहार खरोखर झाला, आणि तो लहान नव्हता. सोव्हिएट संघ मोडण्याच्या सुमारास, १९९१ च्या ऑक्टोबरांत, थॉमस नेफ या अमेरिकन पदार्थविज्ञान-शास्त्रज्ञानें 'न्यूयॉर्क टाइम्स' पत्रांत लेख लिहून सुचविलें कीं, रशियाच्या अण्वस्त्रांतील युरेनियम अमेरिकेनें विकत घ्यावें व आपल्या वीजघरांत जाळावें. १९९३ च्या फेब्रुवारींत तसा करार झाला. त्याची कृति समजून घेण्याजोगी आहे. खाणींतून निघणाऱ्या युरेनियमांत ज्याचा अणु सहज फुटतो असा भाग शेंकडा एकाहूनही कमी असतो. बाँबसाठीं तो शेंकडा नव्वदांपर्यंत वाढवितात. वीजघराला शेंकडा चार-पांच पुरतो. तेव्हां अस्त्रांतील धातूचा कीस काढून, तो भाजून, त्याचा वायु करावयाचा आणि त्यांत सौम्य युरेनियमचा वायु मिसळावयाचा, इतकेंच. घट्ट ताकांत पाणी घालावें तसें. असा पातळ झालेला माल बाँबच्या कामाचा राहत नाहीं. पुन्हां तो कस आणावयाचा तर मोठा खटाटोप करावा लागतो. वीस वर्षांत ५०० टन युरेनियम, म्हणजे सुमारें २०,००० अस्त्रांचा ऐवज, या रीतीनें निवळला. सेंट पीटर्सबर्गच्या बंदरांतून शेवटचीं पिपें २०१३ च्या नोव्हेंबरांत निघालीं. त्या काळांत अमेरिकेंतील दर दहा दिव्यांपैकीं सुमारें एक दिवा रशियाच्या बाँबवर जळत होता, आणि त्याखालीं अभ्यास करणाऱ्या मुलाला त्याचा पत्ताही नव्हता.

या कृत्याला नीतीच्या दरबारांत कोणतें आसन द्यावयाचें? रशियाला परकी चलन हवें होतें व पगाराविना बसलेल्या आपल्या अणुशास्त्रज्ञांना पोसावयाचें होतें. तें युरेनियम चोरवाटेनें भलत्याच्या हातीं पडेल अशी अमेरिकेला धास्ती होती. वीज-कंपन्यांना इंधन पाहिजे होतें. मिलच्या मतें हेतूवरून कर्त्याची योग्यता कळते, कर्माची नव्हे. बुडणाऱ्याला बक्षिसाच्या आशेनें कोणीं वांचविलें तरी तें कृत्य योग्यच. टिळकांनीं 'गीतारहस्यां'त या पक्षाचा समाचार घेतला आहे आणि बाह्य परिणामापेक्षां कर्त्याची बुद्धि ही श्रेष्ठ कसोटी ठरविली आहे. प्रथमदर्शनीं आम्ही मिलच्या बाजूचे. वीस हजार बाँब निवळले असतां निवळणाऱ्यांचीं मनें तपासीत बसणें हा रिकामटेकडा उद्योग वाटतो. शिवाय प्रवचनानें जें साधलें नव्हतें तें येथें व्यापारानें साधलें. भ्यालेल्याच्या दयेला कोणीं हात घातला नाहीं. त्याच्या गरजेला घातला.

परंतु कथा येथें संपत नाहीं, आणि पुढच्या भागांत टिळकांचें म्हणणें खरें होऊं लागतें. कराराची मुदत वीस वर्षांची होती. तेवढ्यांत गरज भागली, भाव बदलले, आणि रशियानें करार पुढें चालविण्यास नकार दिला. व्यापारासाठीं आरंभिलेली गोष्ट व्यापार आटोपतांच थांबली. यांत कोणाची लबाडी नाहीं. बुद्धि पालटली नव्हती, एवढेंच.

युक्रेनची हकीकत याहून कडू आहे. सोव्हिएट संघ मोडला तेव्हां सुमारें १,९०० लांब पल्ल्याचीं अण्वस्त्रें त्या देशाच्या भूमीवर राहिलीं. (त्यांच्या किल्ल्या मॉस्कोच्या हातीं होत्या हें खरें, पण म्हणून मोह लहान नव्हता.) १९९४ त युक्रेननें तीं रशियाला देण्याचें मान्य केलें, मोबदल्यांत आपल्या वीजघरांसाठीं इंधन घेतलें, आणि अमेरिका, ब्रिटन व रशिया यांनीं त्याच्या सरहद्दींचा मान राखण्याचें वचन बुडापेस्ट येथें लिहून दिलें. १९९६ च्या जूनपर्यंत शेवटचें अस्त्र रवाना झालें. २०१४ त रशियानें क्रिमिया घेतला, २०२२ च्या फेब्रुवारींत सर्व देशावर चाल केली, आणि मार्चांत झापोरिझ्झिया येथील अणुवीजघर काबीज केलें. तें युरोपांतील सर्वांत मोठें आहे. अस्त्र देऊन वीज घेणाऱ्याचें वीजघरही गेलें! यावरून अस्त्र कधींही देऊं नये असा बोध काढणारे आज पुष्कळ आहेत, व त्यांना मूर्ख म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. मात्र हा बोध पत्करला तर अर्जुनानें अस्त्र आवरलें हीही चूकच ठरते. कारण अश्वत्थाम्याचें अस्त्र अखेर पडलेंच. आम्हांस उणीव दिसते ती दुसरीकडे. नारद व व्यास स्वतः दोन अस्त्रांच्या मध्यें उभे होते. बुडापेस्टच्या सही करणाऱ्यांपैकीं एक स्वतःच चालून आला. इतर दोघांनीं युक्रेनला शस्त्रें पाठविलीं. मध्यें कोणी उभा राहिला नाहीं.

युरेनियमचें निदान निवळणें तरी सोपें होतें. प्लुटोनियम हा बाँबचा दुसरा पदार्थ. तो कशांतही मिसळला तरी रसायनक्रियेनें पुन्हां वेगळा काढतां येतो. २००० सालीं अमेरिका व रशिया यांनीं प्रत्येकीं ३४ टन प्लुटोनियम निकालांत काढण्याचा करार केला. तें वीजघरांत जाळण्यायोग्य करण्यासाठीं अमेरिकेनें दक्षिण कॅरोलायनांत, सॅव्हाना नदीच्या कांठीं, एक कारखाना बांधावयास घेतला व त्यावर अब्जावधी डॉलर खर्चिले. २०१६ त रशियानें करार स्थगित केला. २०१८ त अमेरिकेनें कारखान्याचें काम अर्धवट सोडलें, आणि त्याच वर्षीं त्या इमारतीविषयींची नवी योजना जाहीर झाली: तिचें रूपांतर करून तेथें अण्वस्त्रांसाठीं प्लुटोनियमचे गाभे घडवावयाचे.