उसने कान

लेखकाला वाचक हवा असतो, हे कबूल करताना आपण लेखक उगीच लाजतो. गवयाला श्रोते हवेत, मिठाईवाल्याला गिऱ्हाईक हवे. मग कादंबरीकारालाच तेवढे कोणी नको, असे कसे होईल? आपण केवळ स्वतःच्या आनंदासाठी लिहितो असे सांगणारे माझे कित्येक मित्र दुसऱ्या आवृत्तीची चौकशी करायला प्रकाशकाकडे माझ्याआधी पोचलेले असतात. तेव्हा वाचक हवा की नको, हा प्रश्नच नाही. तो कोणाच्या दारातून आणावा आणि आणताना त्या दारी काय ठेवून यावे, हा खरा प्रश्न.

मला तो पडला पॉडकास्टच्या निमित्ताने. हा शब्द ज्यांच्या घरी अजून नातवंडांच्याच तोंडी असेल, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरून येणारा, आपल्याला सवड असेल तेव्हा ऐकायचा गप्पांचा कार्यक्रम. २००१ साली आयपॉड नावाचे खिशात मावणारे गाण्यांचे यंत्र निघाले. त्याच्या नावाला 'ब्रॉडकास्ट' जोडून झालेला हा शब्द बेन हॅमर्स्ली या इंग्रज पत्रकाराने २००४ साली 'द गार्डियन'मध्ये वापरला. २०२२ साली ते यंत्र बंद झाले. शब्द मात्र घरोघर पोचला.

माझी कादंबरी निघाली तेव्हा एका जाणत्या स्नेह्याने सल्ला दिला, "मास्तर, स्वतःचा कार्यक्रम काढून श्रोते जमवायला वर्षं जातील. त्यापेक्षा ज्यांच्याकडे श्रोते जमलेले आहेत, त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जा. तुमचं पुस्तक वाचतील असे श्रोते कोणाकडे आहेत ते आधी बघा. तीन किस्से घोटून ठेवा. पुस्तकाचं नाव तीनदा तरी येऊ द्या. आणि ते कुठं मिळेल, हे सांगितल्याशिवाय उठू नका."

सल्ला व्यवहाराला धरून होता. तरीही ऐकताना मनात काहीतरी खुपले. दुसऱ्याच्या घरी पंगतीला बसावे आणि आजूबाजूच्या पानांवरच्या मंडळींना आपल्या घरच्या जेवणाची आमंत्रणे वाटावीत, तसे मला ते वाटले.

पण विचार केला, तर यात नवीन काय आहे? न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिच्या व्यासपीठावर बोलून गेलेल्या वक्त्यांनीही आयता जमलेला समुदायच गाठला. कीर्तनकारांचे तरी काय? परगावचे बुवा येतात, दुसऱ्याने जमवलेल्या माणसांपुढे उभे राहतात. बुवांचे नाव मग पंचक्रोशीत होते आणि पुढच्या गावचे बोलावणे येते. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. पूर्वरंग होतो, उत्तररंग होतो आणि मग आरतीचे तबक फिरते. पूर्वरंगातच तबक फिरवणाऱ्या बुवांना गाव दुसऱ्यांदा बोलावीत नाही.

पॉडकास्टच्या बाबतीत ही मर्यादा अधिकच जपावी लागते, असे मला वाटते. सभेतला श्रोता चार माणसांत बसलेला असतो. कंटाळला तर शेजाऱ्याकडे बघून हसतो. इथला श्रोता एकटा असतो. पोळ्या लाटताना, लोकलमध्ये उभ्याने, रात्री दिवा मालवल्यावर तो कानात बोळे घालून ऐकतो. यजमानाचा आवाज महिनोन्महिने ऐकून त्याला घरचा वाटू लागलेला असतो. त्या भरवशावर तो पाहुण्याचेही ऐकतो. म्हणजे पाहुण्याला मिळालेले कान उसने असतात. ते यजमानाने फार दिवसांनी जोडलेले असतात, आणि पाहुणा ते एका तासात खर्चून टाकू शकतो.

मार्क मॅरन या अमेरिकन विनोदी कलावंताने २००९ साली असाच कार्यक्रम सुरू केला. पुढे तो लॉस एंजेलिसमधल्या त्याच्या घराच्या गॅरेजमधून चाले. जून २०१५ मध्ये त्या गॅरेजात पाहुणे म्हणून आले ते प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या होऊन दोनच दिवस झाले होते. ओबामा वंशद्वेषाविषयी मोकळेपणी बोलले आणि त्याच शहरातल्या आपल्या कॉलेजच्या दिवसांविषयीही बोलले. त्यांचा राजकीय हेतू नव्हता, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याला त्यांचे राजकारण पटत नव्हते, त्यालाही त्या तासात काही मिळण्यासारखे होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मॅरनने कार्यक्रम संपवला. शेवटचे पाहुणे पुन्हा ओबामाच होते. आणि या वेळी मॅरन त्यांच्या वॉशिंग्टनच्या कचेरीत गेला. आपल्याकडे याला परतभेट म्हणतात.

त्यावरून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली. ऐकणाऱ्याने माझे पुस्तक कधीच घेतले नाही, तरी त्याचा तास वाया गेला नाही, असे होईल का? होणार असेल तर मी जावे. मग पुस्तकाचे नाव शेवटी एकदा सांगण्यात संकोच नको.

पण या कसोटीलाही एक अवघड वळण आहे. एका यजमानांनी मला विचारले, "मास्तर, तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाची चटका लावणारी हकीकत सांगाल का? असं फार ऐकलं जातं." अशा हकीकती माझ्याजवळ आहेत. कोणाचा डबा रोज रिकामा असतो, कोणाच्या घरी रात्री काय चालते, हे मास्तरला कळतेच. त्यांतली एक सांगितली असती तर माझी पुस्तके इतर कशाहूनही अधिक खपली असती, हेही मी जाणतो. श्रोत्याचा तासही वाया गेला नसता. तरी मी नाही म्हटले.

तुम्ही विचाराल, कादंबरीकार तरी दुसरे काय करतो? प्रश्न रास्त आहे. पण कादंबरीत दहा माणसे मोडून एक माणूस घडतो. त्यात स्वतःला शोधायला गेलेला हाती काही न लागता परततो. गप्पांत मात्र 'हे माझ्या वर्गात घडले' या एका वाक्यावरच सारी किंमत ठरते. नाव बदलले तरी गावाला ते पोर ओळखू येते. उसने फेडायचे ते आपल्या डब्यातले देऊन. पोराच्या डब्यातले नव्हे.

उद्या घरोघर फराळाची ताटे जातील. शेजारणीचे ताट आपण रिकामे परत करीत नाही. दोन करंज्या, चार शंकरपाळी, निदान चिमूटभर साखर तरी घालतो. नसेल काही, तर ताट ठेवून घेतो आणि घरचे काही झाले की मगच पोचवतो. मला दोन बोलावणी आली आहेत. एकाला होकार कळवला आहे. दुसऱ्यांना म्हटले आहे, थोडे थांबा. सांगण्यासारखे माझे स्वतःचे काही जमले की येतो.